डब्यातली पदके आणि कागदावरचे नाव

(आजी-आजोबा आणि नातवंडे यांनी एकत्र बसून वाचायचा पाठ)

बेने इस्राएल घरांत एखादा जुना पत्र्याचा डबा बहुधा असतोच. त्यात केतुबा असते, कोकणातल्या जमिनीचा एखादा उतारा असतो, पिवळे पडलेले फोटो असतात आणि तळाशी रंग उडालेल्या फितीची पदके असतात. मुले विचारतात, "ही कोणाची?" उत्तर मिळते, "पणजोबांची. ते लष्करात होते." त्यापुढचा प्रश्न आला की मोठी माणसे गप्प होतात. पलटण कोणती? लढाई कोणती? आणि फोटोत पणजोबांच्या छातीवर तीन पदके दिसतात, मग डब्यात दोनच कशी?

हा पाठ त्या शेवटच्या प्रश्नावर आहे. पदक कमी का पडते, नोंद चुकते कुठे, आणि ती दुरुस्त करायची तर कोणी, कशी मागणी करायची, हे आज पाहू. आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी स्वतः फौजेत नोकरी केली आहे. हा पाठ त्यांच्यासाठीही आहे, कारण त्यांच्या नोंदी अजून दुरुस्त होऊ शकतात.

१. बहारीनसमोर थांबलेली जहाजे

गोष्टीची सुरुवात आपल्या दारातून, म्हणजे मनामासमोरच्या समुद्रातून करू.

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून एक मोठा ताफा निघाला. त्यातली काही जहाजे वाटेत वेगळी झाली आणि २३ ऑक्टोबरला बहारीनसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्यावर पुणे डिव्हिजनची १६वी ब्रिगेड होती. ब्रिगेडिअर जनरल डेलामेन तिचे प्रमुख होते. ११७वी मराठा पलटण, १०४वी वेलस्ली रायफल्स, २०वी पंजाबी आणि इंग्रजांची डॉर्सेट पलटण अशा चार पलटणी तिच्यात होत्या. सोबत बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सची एक कंपनी आणि डोंगरी तोफा होत्या. तुर्कस्तान अजून युद्धात उतरले नव्हते, म्हणून फौज जहाजांवरच थांबून राहिली. किनारा डोळ्यांसमोर होता, पण उतरायचा हुकूम नव्हता.

नोव्हेंबर लागताच चित्र पालटले. ब्रिगेड उत्तरेला गेली आणि ६ नोव्हेंबरला फाओ येथे उतरली. १७ नोव्हेंबरला साहिलची लढाई झाली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. पुढे याच ११७व्या मराठा आणि १०४व्या रायफल्स पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. शेवटी अन्न संपले आणि फौजेला शरण जावे लागले. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो माणसे परतली नाहीत.

या तारखा पाठ करायची गरज नाही. एवढेच ध्यानात ठेवा की माणूस आघाडीवर कोणत्या दिवशी उतरला, यावर त्याची पदके ठरत. पदकाच्या हिशेबात तारीख हा मोठा पुरावा असतो.

२. दोन की तीन?

पहिल्या महायुद्धातल्या शिपायाला साधारणपणे तीन पदके मिळू शकत.

पहिले, '१९१४-१५ स्टार'. हा काशाचा तारा आहे. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो युद्धक्षेत्रात पोचला त्यालाच तो मिळे. दुसरे, 'ब्रिटिश वॉर मेडल'. ते चांदीचे असे. मजूर दलांतल्या आणि फॉलोअर म्हणून गेलेल्या बऱ्याच बिगर-लढाऊ माणसांना मात्र तेच पदक काशाचे दिले गेले. तिसरे, 'व्हिक्टरी मेडल'. हेही काशाचेच.

आता डब्याकडे पाहू. पणजोबा १९१६ नंतर इराकला गेले असतील तर त्यांना दोनच पदके मिळायची. तिथे चूक काही नाही. पण ते १९१४ साली बहारीनसमोरच्या जहाजावर असतील आणि पुढे फाओला उतरले असतील, तर त्यांचा हक्क तीन पदकांचा होता. म्हणून 'आमच्यावर अन्याय झाला' असे म्हणण्याआधी तारीख शोधावी. आणि 'दोनच असतील' म्हणून सोडून देण्याआधीही तारीखच शोधावी.

पदक स्वतःही बोलते. त्या काळच्या पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गोल पदकांवर ती कडेला असते, ताऱ्यावर पाठीमागे असते. भिंग घेऊन वाचा. एक विनंती आहे: सणाच्या आधी तांब्या-पितळेची भांडी घासतो तशी पदके चिंच आणि राखेने घासू नका. चकाकी येईल, पण नाव पुसले जाईल.

३. चूक तीन तऱ्हेची असते

'पदक नाही' असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

(अ) पदक मिळाले होते, पण हरवले. चांदीचे पदक अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे जाऊन वितळले, असे पुष्कळ घरांत झाले. इथे सरकारी नोंद बरोबर असते, वस्तू तेवढी गेलेली असते.

(आ) पदकाचा हक्क होता, पण ते दिले गेले नाही. माणूस मोहिमेवर गेला, पण त्याच्या कागदावर ती नोंद चढली नाही. बदली झाली, कागद मागे राहिले, किंवा निवृत्तीच्या दिवशी पदके आलीच नव्हती आणि नंतर कोणी पाठपुरावा केला नाही. अशी नोंद दुरुस्त करता येते. मोहिमेचे पदक म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. ठरलेल्या जागी ठरलेले दिवस नोकरी केली की ते लागू होते.

(इ) पराक्रम झाला, पण तो कोणी लिहिलाच नाही. ही चूक सर्वांत अवघड. शौर्यपदकासाठी वरिष्ठाची शिफारस लागते, साक्षीदार लागतात. शिफारस करणारा अधिकारी मारला गेला, किंवा त्याच्या मनात आकस असला, तर शौर्य कागदावर येतच नाही.

तिसऱ्या प्रकारच्या दोन गोष्टी ज्यू जगतात प्रसिद्ध आहेत. त्या थोडक्यात सांगतो.

४. विल्यम शेमिन आणि तिबोर रुबिन

विल्यम शेमिन हा अमेरिकेच्या न्यू जर्सीतला ज्यू तरुण. ऑगस्ट १९१८ मध्ये फ्रान्समध्ये व्हेल नदीच्या काठी त्याची तुकडी गोळीबारात अडकली. तो खंदकातून बाहेर पडून उघड्या मैदानातून जखमींना ओढून आणत राहिला. अधिकारी पडले तेव्हा या तरुणाने तुकडीची सूत्रे हाती घेतली. शेवटी एक गोळी शिरस्त्राण भेदून त्याच्या कानामागे रुतली. त्याला दुसऱ्या क्रमांकाचे पदक, 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस', मिळाले. सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले नाही, आणि ते तो ज्यू असल्यामुळेच, असे त्याच्याबरोबर लढलेल्यांचे म्हणणे होते. १९७३ साली तो वारला.

त्याची मुलगी एल्सी हिने कागद गोळा करायला सुरुवात केली. मुदत केव्हाच संपली होती, म्हणून तिने लोकप्रतिनिधींमार्फत कायद्यातच सवलत मागितली. २०११ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ज्यू सैनिकांच्या नोंदी पुन्हा तपासायची तरतूद मंजूर झाली. २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हातून शेमिनच्या मुलींनी ते पदक घेतले. पराक्रमाला तेव्हा जवळजवळ ९७ वर्षे झाली होती.

तिबोर रुबिनची गोष्ट वेगळी आहे, कारण तो स्वतः ते पदक घ्यायला हयात होता. हंगेरीत जन्मलेला हा मुलगा माउटहाउझेनच्या छळछावणीतून वाचला, अमेरिकेला गेला आणि कोरियाच्या युद्धात लढला. त्याने एकट्याने एक टेकडी २४ तास रोखून धरली. पुढे कैदेत असताना रात्री अन्न चोरून आणून त्याने आजारी सोबत्यांना जगवले. सुमारे ४० जण त्याच्यामुळे वाचले, असे सांगतात. वरिष्ठांनी त्याच्या शिफारशीचे हुकूम दिले होते, पण ज्यूंचा द्वेष करणाऱ्या एका सार्जंटने ते कागद पुढे पाठवलेच नाहीत. अनेक वर्षांनी कैदेतून परतलेल्या सोबत्यांनी शपथेवर साक्षी लिहून दिल्या. २३ सप्टेंबर २००५ रोजी रुबिनला मेडल ऑफ ऑनर मिळाले.

दोन्ही गोष्टींत पदक कशाने मिळाले? शेमिनच्या बाबतीत मुलीने जपलेल्या कागदांनी, रुबिनच्या बाबतीत सोबत्यांच्या लेखी साक्षींनी. नुसत्या 'आमचे वडील शूर होते' या वाक्याने काम झाले नाही.

५. आपले नाव हरवते कसे?

आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. आपल्या एकाच माणसाची दोन-तीन नावे असतात.

मुंबईतले पहिले सिनेगॉग, 'शआर हारहामीम', १७९६ साली ज्यांनी बांधले त्यांची आठवण करा. ते इंग्रजांच्या फौजेतले देशी अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडण्यासाठी त्यांनी सिनेगॉग बांधले, अशी परंपरा आहे. कोणी त्यांना सामुएल इझिकेल दिवेकर म्हणतात, कोणी समाजी हसाजी दिवेकर. माणूस एकच. घरात समाजी, तोराच्या पाठाला बोलावताना सामुएल. आता विचार करा, एका कारकुनाने 'समाजी हसाजी' लिहिले, दुसऱ्याने 'सामुएल इझिकेल', आणि तिसऱ्याने आडनावच गाळले. एका माणसाची तीन माणसे झाली, आणि तिघांपैकी एकाचीही नोंद पुरी राहिली नाही.

दुसरी अडचण पलटणीची. १९व्या शतकात मुंबईच्या फौजेत आपले अनेक लोक सुभेदार, सुभेदार मेजर झाले. काहींना 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' मिळून 'बहादूर' आणि 'सरदार बहादूर' हे किताब लागले. हाईम सामुएल केहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात अशा अधिकाऱ्यांची नोंद जतन केली आहे. शतकाच्या अखेरीस फौजेत जातवार कंपन्या आल्या. आपला समाज इतका लहान की त्याची वेगळी कंपनी होणे शक्य नव्हते. तेव्हा आपले लोक हॉस्पिटल असिस्टंट, कारकून अशा कामांकडे वळले. म्हणून पणजोबा मराठा पलटणीबरोबर इराकला गेले असले, तरी त्यांचे नाव पलटणीच्या यादीत नसेल. ते वैद्यकीय किंवा पुरवठा खात्याच्या यादीत असेल. घरात 'मराठा पलटण' ऐकलेले असते, आपण तीच यादी चाळतो आणि निराश होतो.

यावर उपाय आपल्याच घरात आहे. आपण माणसाला बापाच्या नावाने ओळखतो: अमुक बेन तमुक. केतुबेवर तसेच लिहिलेले असते. आपल्या जुन्या कबरींवर हिब्रू आणि मराठीत, पुष्कळदा इंग्रजीतही नाव कोरलेले असते. तीन लिप्यांतले एकच नाव एका दगडावर सापडले, की तीन कागदांवरचा माणूस एकच हे दाखवायला भक्कम आधार मिळतो. अलिबाग, पेण, पनवेलकडे गेलात तर कबरीचा स्वच्छ फोटो घेऊन या.

६. बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

बहारीनहून निघालेली ती फौज जिथे पोचली, त्या बसऱ्यात २७ मार्च १९२९ रोजी एका स्मारकाचे अनावरण झाले. इराकच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी ते आहे. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांची नावे मात्र कोरली नाहीत. पलटणीचे नाव आणि खाली किती मेले तो आकडा, एवढेच.

एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने अहवाल काढून ही चूक मान्य केली. भारतीय, आफ्रिकी आणि इतर अशा ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि निदान १,१६,००० जणांचे स्मरण नावाने किंवा मुळीच झाले नाही, असा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

म्हणजे नोंदीची दुरुस्ती शंभर वर्षांनीही होऊ शकते. आयोगाच्या यादीत अनेक शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. शोधताना आजचा रायगड नव्हे, तर जुना 'कुलाबा' शब्द वापरा. गावाचे स्पेलिंगही चार तऱ्हांनी टाकून पाहा.

७. दुरुस्ती कशी मागायची?

आता स्वतंत्र भारताच्या फौजेत नोकरी केलेल्यांसाठी. १९६५ च्या युद्धात आघाडीवर असलेल्यांसाठी 'समर सेवा स्टार' आहे. १९७१ साठी पूर्व आघाडीला 'पूर्वी स्टार' आणि पश्चिमेला 'पश्चिमी स्टार'. १५ ऑगस्ट १९७२ रोजी नोकरीत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापनदिनाचे पदक. शिवाय ९ आणि २० वर्षांच्या सेवेची पदके. आजोबा, आपले डिस्चार्ज बुक काढा आणि यातले कोणते त्यात लिहिलेले नाही ते पाहा.

पायऱ्या अशा:

एक. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद आणि जुने फोटो यांच्या प्रती काढा. मूळ कागद कोणालाही देऊ नका.

दोन. आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. महाराष्ट्रात घर असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

तीन. एका अर्जात एकच मागणी ठेवा. 'माझी मोहिमेची नोंद चढवा आणि त्याप्रमाणे पदक द्या', इतके स्पष्ट. नोकरीतली घटना पार्ट टू ऑर्डरने छापली जाते आणि तिथून शीट रोलवर चढते. त्या ऑर्डरचा नंबर मिळाला तर काम सोपे होते.

चार. बरोबरचे सोबती हयात असतील तर त्यांच्याकडून साक्ष लिहून घ्या. हे उद्यावर टाकू नका.

पाच. उत्तर आले नाही तर भारतीय नागरिक माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली माहिती मागू शकतात. बहारीनमध्ये राहूनही हा अर्ज ऑनलाइन करता येतो.

सहा. नकार आला तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. अंतिम नकारापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून नकाराचे पत्र आणि त्याच्या पाकिटावरची तारीख जपा.

पुष्कळ आजोबा म्हणतात, "आता कशाला? पदक घेऊन काय करू?" त्यांना आपण सांगू की, आजोबा, तुमच्यासाठी नसेल तर आमच्यासाठी करा. आज तुम्ही समोर बसून सांगू शकता की त्या डिसेंबरात तुम्ही कुठे होता. आणखी वीस वर्षांनी आम्ही पुन्हा डबा उघडून अंदाज बांधत बसू.

पदक मिळेलच असे वचन हा पाठ देत नाही. पण अर्ज लिहिताना आजोबांचे पूर्ण नाव, नंबर, पलटण आणि तारखा एका कागदावर प्रथमच नीट येतात. तो कागद डब्यात ठेवा. पुढच्या पिढीला तेवढ्यावरून पुढचा शोध घेता येईल.

नमुना अर्ज (मराठीत कच्चा लिहा, मग इंग्रजी किंवा हिंदीत करा)

मा. रेकॉर्ड ऑफिसर साहेब यांस,
मी, नंबर ........, हुद्दा ........, नाव ........ (वडिलांचे नाव ........), दि. ........ ते दि. ........ या काळात ........ युनिटमध्ये नोकरी केली. दि. ........ पासून दि. ........ पर्यंत आमचे युनिट ........ येथे मोहिमेवर होते. माझ्या डिस्चार्ज बुकात ........ पदकाची नोंद नाही. माझी नोंद तपासून दुरुस्त करावी आणि हक्काचे पदक मिळावे, ही विनंती. माझे नाव काही कागदांवर ........ असेही लिहिलेले आहे. दोन्ही नावे माझीच आहेत. सोबत कागदांच्या प्रती जोडल्या आहेत.
आपला, ........

शब्दार्थ

पलटण – पायदळाची तुकडी, बटालियन
हुद्दा – फौजेतली श्रेणी
शिफारस – एखाद्याला मान मिळावा म्हणून वरिष्ठाने केलेले लेखन
आकस – मनातला राग, द्वेष
पाठपुरावा – काम होईपर्यंत मागे लागणे
वेढा – चारही बाजूंनी कोंडणे

वर्गात बोलण्यासाठी

१. डब्यात दोन पदके आणि फोटोत तीन, याची तीन वेगवेगळी कारणे सांगा.
२. मोहिमेचे पदक आणि शौर्यपदक यांत काय फरक आहे? कोणते हक्काने मागता येते?
३. आपल्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची सगळी नावे लिहा: घरचे, हिब्रू, कागदावरचे आणि आडनाव.
४. पुढच्या वर्गाला घरातले एक पदक, फोटो किंवा डिस्चार्ज बुक पाहून या. पदकावर कोरलेली अक्षरे वहीत जशीच्या तशी उतरवा आणि आजोबांकडून किंवा आजीकडून त्यामागची गोष्ट दहा ओळींत लिहून घ्या. शेवटी त्यांची सही आणि तारीख घ्यायला विसरू नका.